वाटणीत आलेला बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी खांदशेकणी होत असे. तूप-हळदीत पळसाची पाने बुडवून बाबा बैलांचे खांदे शेकत आणि कानाशी लागून उद्याच्या जेवणाचे आवतण देत. यवतमाळकडच्या कापसाच्या काळ्या रानात ही रीत जुनी आहे. बैल घरचेच, मग आवतण कशाला, असे मी विचारी. माय म्हणे, "वर्षभर राबवतो, त्याला एक दिवस तरी पाहुणा करावा."

खरे कोडे पडले ते वाटणीच्या दिवशी. बाबा आणि काका वेगळे निघाले. शेताचे दोन तुकडे झाले, भांडी वाटली, आणि बैलजोडीही फुटली. एका बैलाने वखर चालत नाही, हे वाटणीच्या कागदाला कुठे ठाऊक? पेरणीला दोन घरचे दोन बैल पुन्हा जुळवावे लागत. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बैल मात्र एका जुवाखाली चालत होते.

पुढे कायद्याचे पुस्तक हाती आले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम सांगते की, जप्ती आली तरी काही गोष्टींना हात लावता येत नाही: जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मरिवाजाने स्त्रीला उतरवता न येणारे दागिने; आणि शेतकऱ्याची अवजारे, बियाणे व पोटापाण्याला लागणारी जनावरे. म्हणजे मंगळसूत्र ज्या यादीत, त्याच यादीत बैल. कायद्याला तो मालमत्ताच, पण सहज हिरावू नये अशी.

तुम्ही म्हणाल, जो वाटला जातो, विकला जातो, तो घरचा कसला? पण त्याच वाटणीत आमची आजीही वाटली गेली: सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. तिला कोणी मालमत्ता म्हटले नाही.

काही वर्षांनी आमचा बैल थकला. त्या साली कापूस बुडाला, आणि बाबांनी त्याला बाजारात विकले. दावे मात्र घरी परत आणले. रात्री ते जेवले नाहीत. गिऱ्हाईक कोण होते, हे मी विचारले नाही. त्या पैशातून माझी फी भरली गेली.

2015 साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. पण मारू नको म्हटल्याने कुटार काही उगवत नाही. थकलेला बैल गरिबाच्या अंगणात उभाच असतो. शहरात कुत्र्याला घरचा मुलगा म्हणणे सोपे. तिथे त्याच्याशी कामाचा हिशेब नसतो.

माझ्या मते घरचा तो, ज्याचे काम संपले तरी ज्याची जागा उरते. आजीची उरली, बैलाची उरली नाही. तो घरचा होता का, हा प्रश्न मी उलटाच विचारीत होतो. त्याने आपली बाजू पुरी केली होती. घरपण सिद्ध करायचे होते ते आम्ही. बाबांना दोष द्यावा, तर फी माझी होती.

यंदा पोळ्याला गावी गेलो. शेत आता भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. ते दावे अजून कोठ्यातल्या खुंटीला आहे. मायने मातीचे बैल पुजले आणि आवतण द्यायला मला सांगितले. मी मातीच्या कानाशी वाकलो. पण शब्द फुटेना.