पगार आपल्याला शांत करतो का?

महिनाअखेर फोनवर 'सॅलरी क्रेडिटेड' असा मेसेज येतो, पण सोलापुरात आमच्या घरी अजूनही 'पगार झाला' असंच म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, १५३४ मध्ये वसई. पाव, चावी, घमेलं यांच्यासोबत 'पगार'ही मराठीत रुळला. पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. स्पॅनिशमध्येही तेच.

दोघींनाही तो लॅटिनमधल्या 'पाकारे'कडून मिळाला. 'पाक्स' म्हणजे शांतता, 'पाकारे' म्हणजे शांत करणं. पुढे त्याचा अर्थ झाला, ज्याचं देणं लागतो त्याचं समाधान करणं. आणि मग, पैसे देणं.

पण शांत करण्याच्या तऱ्हा अनेक. ज्युलियस सीझर गॉल 'शांत' झाल्याचं लिहितो, तेव्हा तो मुलूख जिंकलेला असतो. मे १९३० मध्ये इंग्रजांनी मार्शल लॉ लावून सोलापूर 'शांत' केलं, तेही तसंच. याच मुळातून 'आपागार' हा शब्दही निघाला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ विझवणं, दिवा मालवणं. पोर्तुगीजमध्ये पुसून टाकणंसुद्धा. फाइल डिलीट करायलाही हाच शब्द.

मग पगार आपलं देणं चुकवतो की आपल्याला विझवतो?

'एवढा पगार मिळतो, मग कशाला बोलतोस?' हे आयटीतल्या बहुतेकांनी कधीतरी ऐकलेलं असतं. या वाक्यात पगार म्हणजे गप्प बसण्याची किंमत. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. काम आपण आधी करतो, पैसे नंतर येतात. म्हणजे महिनाभर कंपनीच आपली देणेकरी असते. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेब हजार विड्यांवर होतो. पैसे हातात पडतात ते वळून झालेल्या विड्यांचे. त्यात उपकार कुठे आला?

नोकरीत सांगितलेलं काम करावं लागतं, हे मान्य. पण ग्राहकाला फसवणारं बटण बनवायला सांगितलं, तर 'हे बरोबर नाही' म्हणण्याचा हक्क पगारात विकलेला नसतो. रविवारही नसतो.

शब्दाच्या जुन्या अर्थात समाधान व्हायचं ते घेणेकऱ्याचं, म्हणजे आपलं. तेही झालेल्या कामापुरतं. पगार झाला म्हणजे गेल्या महिन्याचा हिशेब मिटला, एवढंच. बोलायचं राहिलं असेल तर ते अजून बाकीच आहे.