कानाची साक्ष

विमान एका अंगावर कलतं, एका बाजूच्या खिडक्यांत नुसतं आकाश आणि दुसऱ्या बाजूला नुसती जमीन दिसू लागते, तेव्हा समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघावं. पाणी सांडत नाही. वळण नीट घेतलेलं असेल तर पेल्यातल्या पाण्याचा आणि आपला, दोघांचाही भार सरळ पायाखालीच जातो. डोळे मिटून घेतले तर विमान वळतंय याचा पत्ताही लागत नाही.

प्रवाशाला ही गंमत वाटते. वैमानिकाच्या मात्र ती जिवावर बेतू शकते. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरू लागलं की हा द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, तिथले सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला वळल्याचं कळतं. पण वळण एकाच गतीने चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही त्याच गतीने फिरू लागतो, आणि कान सांगतो, सगळं सरळ चाललंय. मग विमान खरोखर सरळ केलं की तोच कान उलट्या बाजूला वळल्याची ग्वाही देतो. जमिनीवर चालण्याधावण्यासाठी घडलेलं हे इंद्रिय आहे. त्याला जेवढं कळतं तेवढं ते प्रामाणिकपणे सांगतं, म्हणून तर त्याचं म्हणणं इतकं पटतं.

क्षितिज दिसत असेल तोवर डोळे ही चूक सावरून घेतात. ढगात शिरलं की तो आधार गेला. विमानाला उचलून धरणारा जोर पंखाशी काटकोनात असतो. पंख कलले की तोही कलतो, त्यातला काही वळवण्यात खर्च होतो आणि वजन पेलायला उरलेला अपुरा पडतो. विमान उंची गमावू लागतं. वैमानिकाला वाटतं, आपण सरळच आहोत, फक्त खाली चाललोय. तो दांडा मागे ओढतो आणि वळण आणखी आवळत जातं. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना, बाहेरचं दिसणार नाही अशा बेताने, विमान चालवायला लावलं. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. विसांतला एकही वाचला नसता.

या कोंडीतून वाट निघते हे त्याच्या पंचवीस वर्षं आधीच दिसलं होतं. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल कॉकपिटवर झाकण ओढून बसले, बाहेरचं काहीही न बघता उडाले, फेरी मारली आणि उतरले. पुढच्या जागेवर बेन केल्सी नावाचे दुसरे वैमानिक होते, अडचण आलीच तर विमान हाती घ्यायला. डूलिटलसमोर स्पेरी यांचं कृत्रिम क्षितिज होतं. विमान कसंही कललं तरी आपला आस न सोडणारा, भोवऱ्यासारखा गरगरणारा जायरो त्याच्या पोटात होता. शिवाय कोल्समन यांचा बारीक फरक दाखवणारा उंचीमापक आणि दिशा सांगणाऱ्या रेडिओलहरी होत्या.

मला मोठी वाटते ती यापुढची गोष्ट. कितीही सराव केला तरी कानाचं सांगणं थांबत नाही. मुरलेल्या वैमानिकालाही ढगात आपण डावीकडे कललोय असं अंगभर जाणवतं. ते जाणवत असतानाच तो कृत्रिम क्षितिजाच्या काचेमागच्या रेषेवर भरवसा ठेवून पंख सपाट धरतो. स्वतःच्या शरीराची साक्ष ऐकूनही तिच्यावर न चालणं माणसाला शिकता येतं, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि हा भरवसा आंधळा नसतो. त्याची नजर क्षितिजावरून वेगाकडे, उंचीकडे, दिशेकडे जाते आणि पुन्हा क्षितिजावर येते. रेषा सपाट दिसत असताना दिशेचा आकडा सरकत राहिला, तर तो वळणदर्शक बघतो. तोही वळण दाखवत असेल, तर त्या क्षितिजालाच बाजूला सारून उरलेल्या उपकरणांवर विमान सांभाळतो.