सुट्टीचा आदेश

थंड मुलखात बर्फ पडला की शाळा बंद ठेवायच्या का, याचा विचार होतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे थंडीने पोरांची वाट कधी अडत नाही. ती अडते आषाढातल्या पावसाने. घाटाच्या अंगाला पाऊस कोसळला की काळू आणि भातसा या नद्या फुगतात, आणि ज्यांना नावही नाही असे ओढे त्यांच्याही आधी भरतात. ही गोष्ट अशाच एका ओढ्याकाठच्या जिल्हा परिषद शाळेची. शाळा ओढ्याच्या अलीकडे, ठाकरांचा पाडा पलीकडे. शिकवायला दोघं : मोठ्या बाई आणि नुकतेच रुजू झालेले गुरुजी.

त्या सकाळी पाड्यावरची पोरं डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, घोटाभर पाण्यातून आली. अकराच्या सुमारास गुरुजींच्या मोबाइलला रेंज मिळाली आणि निरोप उघडला. रेड अलर्ट, म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पाऊस होण्याचा इशारा. आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, सगळ्या शाळांना सुट्टी.

गुरुजी घंटेकडे निघाले. "बाई, पोरांना सोडायला हवं."

"कुठे सोडणार?"

"घरी."

"घरी कोण आहे?"

गुरुजी थांबले. भाताच्या आवणीचे दिवस होते. पाड्यावरची धडधाकट माणसं पहाटेच खाचरात उतरलेली, घरांना कड्या. शिवाय मध्ये ओढा. ठाणे शहरात सुट्टी म्हणजे पोर इमारतीत, खिडकीशी. इथे त्याच सुट्टीत पोर एकटं पाण्याच्या वाटेवर. हा आदेश काढणाऱ्याचा दोष नाही. लाखो मुलांसाठी एकच आदेश निघतो, आणि तो निघायलाच हवा. ७ जुलै २०२४ ला शहापूर-वाशिंदकडे पूर आला तेव्हा रविवार होता, म्हणून शाळा भरलेल्याच नव्हत्या. दर वेळी पंचांग असं मदतीला येत नाही.

"हा निरोप सकाळी सातला मिळाला असता तर मी स्वतः ओढ्यावर उभी राहून पोरं परत फिरवली असती," बाई म्हणाल्या. "आता ती पक्क्या छपराखाली आहेत. वर्ग बंद करा. दार मात्र मी सांगेपर्यंत उघडायचं नाही."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सांगेन, शिकवलं नाही, सांभाळलं."

चुलीवर पोषण आहाराची खिचडी चढली. कित्येकांचं दिवसातलं पोटभर जेवण तेच असतं, त्यामुळे सुट्टी म्हटलं की बाईंना आधी ताटं आठवायची.

दुपारी एक बाप पलीकडच्या काठावर आला, हातात दोर. पाणी कमरेच्या वर गेलं होतं. "माझी पोर द्या! मी उचलून नेतो!"

"नाही देणार, दादा."

"पोर माझी आहे!"

"म्हणूनच नाही देत."

तो नको ते बोलला. बाईंनी ऐकून घेतलं, पण जागच्या हलल्या नाहीत. तो पाण्यात पाय घालणार, तोच मागून पाड्यावरच्या म्हातारीचा आवाज आला, "काळा धोंडा बुडला रं! माघारी फिर!" तो फिरला. दिवेलागणीला पाणी उतरलं आणि एकेका पोराचा हात त्याच्या माणसाच्या हातात गेला. सगळ्यात शेवटी दोरवाला आला. पोरीला खांद्यावर घेऊन काही न बोलता गेला.

दुसऱ्या दिवशी बाई त्या म्हातारीकडे जाऊन बसल्या. कोणता धोंडा, तो किती बुडाला म्हणजे किती पाणी, वरच्या डोंगरात पाऊस झाल्यावर किती वेळाने इथे येतं, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग धोंड्यावर रंगाची रेघ मारली. पाणी रेघेला टेकलं की पाड्यावरचं पोर निघणार नाही. म्हातारी सांगेल, पोलीस पाटील फोन करतील. इशारा आदल्या दिवशीच मिळाला, तर गुरुजी पुस्तकं आणि तांदूळ-डाळ घेऊन संध्याकाळीच पाड्यावर मुक्कामाला जातील.

पुढच्या बैठकीत केंद्रप्रमुखांनी विचारलं, "बाई, शाळा बंद ठेवायचा अधिकार त्या म्हातारीला कोणी दिला?"

"ठाण्याहून आदेश आला की तो पाळतोच, साहेब. पण कधी कधी आदेशाच्या आधी पाणी येतं. त्या वेळी धोंडा तिलाच दिसतो."

केंद्रप्रमुखांनी वही उघडली आणि बसलेल्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, तुमच्या शाळेच्या वाटेवर ओढा आहे का, आणि त्याच्या काठी कोण राहतं.