आपण न मानलेला निकाल

गणपतीत घरी माणसं जमली होती आणि कुणीतरी ‘रामशास्त्री’ लावला. प्रभातचा १९४४ सालचा चित्रपट. गजानन जागीरदारांचे रामशास्त्री राघोबाला त्याच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगतात, तेव्हा इतका वेळ चाललेली कुजबुज थांबली. चित्रपट संपल्यावर आमच्या मावशी उठता उठता म्हणाल्या, “शास्त्रीबुवांची धन्य आहे. पण काही म्हणा, सगळं केलं ते त्या बाईनंच.” कुणीच हरकत घेतली नाही. दोघातिघांनी तर मानाही डोलावल्या.

हे वाक्य मला तेव्हापासून खुपतं आहे. रामशास्त्र्यांनी नारायणराव पेशव्याच्या खुनाची चौकशी करून दोष ठेवला तो राघोबावर. त्यासाठी त्यांनी पुणं सोडलं आणि त्यासाठीच आपण दीडशे-दोनशे वर्षं त्यांचं नाव आदराने घेतो आहोत. नाटकं झाली, चित्रपट निघाला, निःस्पृह न्यायाधीश म्हटलं की आजही तेच नाव ओठावर येतं. आणि इतकं करून त्यांचा निकाल मात्र आपण मानलेला नाही. न्यायाधीशाला नमस्कार करायचा आणि शिक्षा भलत्यालाच सुनवायची, असा हा प्रकार आहे. मावशींचा यात दोष नाही. चित्रपट आणि त्याच्या आधीची नाटकं बघणाऱ्याला घेऊन जातात ती याच जागी.

३० ऑगस्ट १७७३ची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. शनिवारवाडा, थकलेल्या पगारावरून बिथरलेले गारदी, सुमेरसिंग, अठरा वर्षांचा नारायणराव, काका राघोबाला मारलेली मिठी, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ झालेला तो कागद. यातलं शेवटचं कलम सोडलं तर बाकीचं इतिहासात पक्कं बसलेलं आहे. अक्षर फिरवलेला तो कागद आज कुठल्या दप्तरात दाखवता येत नाही. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात ही हकीकत आहे. पण अक्षर राघोबाच्या बायकोने, आनंदीबाईने, बदललं हे तो लोकांची समजूत म्हणून सांगतो, पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नाही. खुनाला तेव्हा त्रेपन्न वर्षं होऊन गेली होती. एवढ्या काळात समजूत चांगलीच घट्ट होते.

याच प्रसंगातलं एक नाव मात्र समजुतीने धरून ठेवलं नाही. चापाजी टिळेकर. नारायणरावाच्या अंगावर वार पडू लागले तेव्हा हा सेवक मध्ये पडला, धन्याच्या अंगावर आडवा झाला आणि त्याच्यासोबत कापला गेला. पळायला त्याला वाट असेल, नसेल; तो पळाला नाही एवढं खरं. त्या दिवशी वाड्यात शंका घ्यायला जागाच नाही असं एखादं कृत्य घडलं असेल तर ते हे. त्याचं नाव शाळकरी मुलाला विचारून पाहा, सांगता येणार नाही. ‘ध चा मा’ मात्र मराठी येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पेशवाई कशाशी खातात हे ज्याला माहीत नाही त्यालासुद्धा.

माझा एक मित्र आहे, नाटकांवर जीव टाकणारा. त्याच्यापाशी मी हे बोललो तर तो उसळला. म्हणाला, “नाटककाराला सूट हवीच. इतिहास पाहिजे असेल त्याने भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसावं. नाटकाला बाई पाहिजे, दिवा पाहिजे, कागद पाहिजे, आणि लेखणी उचलताना थरथरणारा हात पाहिजे.” त्याचं निम्मं मला मान्य आहे. खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ लिहिलं ते काही संशोधनाचं टिपण म्हणून नाही. पण सूट म्हणजे काय, यावर आमचं जमत नाही. मी कल्पनेचे दोन उपयोग वेगळे मानतो. एक, रिकामी जागा भरणं. जिथे कागद गप्प आहेत तिथे नाटककाराने खुशाल बोलावं, ते त्याचं कामच आहे. दुसरा, भरलेली जागा रिकामी करणं. कागद बोलत असताना त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा आणि वर आपलं वाक्य म्हणायचं. पहिली कला आहे. दुसरी साक्षीपुराव्यातली अफरातफर आहे, मग ती कितीही सुंदर संवादांत केलेली असो.

मित्राचं यावर म्हणणं असं की प्रेक्षकाला हा फरक कळत नाही आणि कळायची गरजही नाही. हे मात्र मी मुळीच मानणार नाही. ऐतिहासिक नाटकाचा प्रेक्षक बाहेर पडतो तो ‘छान होतं’ एवढ्यावर थांबत नाही, तो ‘असं झालं होतं’ म्हणत घरी जातो. पौराणिक नाटक, सामाजिक नाटक यांना ही ताकद नाही. आणि ज्याच्या हातात ही ताकद आहे त्याने ती कशी वापरली, हे त्याला विचारलंच पाहिजे.

आनंदीबाईची भूमिका कुणाकुणाकडे गेली हे पाहणंही उद्बोधक आहे. ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आलं तेव्हा स्त्रीभूमिका पुरुष करत, म्हणजे या कारस्थानी बाईचा पहिला चेहरा पुरुषाचा होता. पुढे दुर्गाबाई खोट्यांनी ती केली, तेव्हा तिला घराण्याचा रुबाब आला. आणि ‘रामशास्त्री’त ललिता पवार. त्या मूकपटांपासूनच्या नायिका. १९४२च्या सुमारास एका चित्रीकरणात भगवानदादांनी थोबाडीत मारली ती जोरात बसली आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. डोळा तिरपा दिसू लागल्यावर नायिकेच्या भूमिका संपल्या, आणि हिंदी-मराठी पडद्याला पुढची कैक वर्षं पुरेल अशी खाष्ट सासू मिळाली. अपघातात अधू झालेल्या डोळ्यात लोकांनी कपट वाचलं. त्या नजरेमागची अभिनेत्री किती मोठी होती हे सांगायला ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाचं प्रेमळपण पुरेसं आहे, आणि तोही तोच चेहरा होता. आनंदीबाईच्या भूमिकेत त्या उभ्या राहतात तेव्हा आपण कथानकाच्या आधी त्यांचा डोळा वाचतो आणि अक्षर बदललं जाण्यापूर्वीच मनातल्या मनात निकाल देऊन बसतो. नाटकातलं दृश्य पुराव्याची जागा घेतं ते असं, एकेका नजरेने.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. लुक्रेझिया बोर्जिया १५१९ साली इटलीत फेरारा इथे वारली, तेव्हा ती तिथल्या ड्यूकची पत्नी होती आणि राज्याचा कारभार तिने प्रत्यक्ष सांभाळलेला होता. बापावर आणि भावावर त्यांच्या हयातीतच गंभीर आरोप होते. तिने कुणाला विष दिल्याचा पुरावा नाही. १८३३ साली व्हिक्टर ह्यूगोने तिच्यावर नाटक लिहिलं, त्याच वर्षी दोनिझेत्तीने त्यावरून संगीतिका रचली, आणि तेव्हापासून जगाच्या डोळ्यांपुढे तिच्या हातात विषाचा पेला आहे. सत्ता बापाची, तलवार भावाची आणि बदनामी तिची. पुण्यात काय किंवा इटलीत काय, पुरुषांनी उघडपणे केलेल्या गोष्टींची गुप्त सूत्रधार म्हणून घरातली बाई सापडते आणि सगळ्यांची सोय होते. राघोबा हा आपल्या घरातलाच, अटकेपर्यंत गेलेला. तो मोहात पडला, कान भरले गेले, असं म्हटलं की अटकेचा अभिमानही शाबूत राहतो आणि खुनाचा हिशेबही मिटतो.

इथवर आल्यावर मला वाटत होतं की निष्कर्ष सरळ आहे. अक्षर बदलण्याचं ते दृश्य नाटकांतून आणि मालिकांतून काढून टाकावं, आणि आनंदीबाईला एकदाचं निर्दोष म्हणावं. पण माझाच फरक मी मलाच लावून पाहिला तेव्हा हा निष्कर्ष टिकेना.

तो कागद कुणी पाहिलेला नाही. म्हणजे ती जागा रिकामी आहे. रिकामी जागा भरण्याचा हक्क मी नाटककाराला दिलेला आहे, तेव्हा आनंदीबाईला लेखणी उचलायला लावण्याचाही दिला, हे मान्य करणं भाग आहे. शिवाय तिला हेतू नव्हता असं कोण म्हणेल? १७६८ साली धोडपला हरल्यावर राघोबा माधवरावाच्या कैदेत पडला. माधवराव १७७२च्या नोव्हेंबरात थेऊरला वारला, आणि नारायणरावाच्या कारकिर्दीत काका पुन्हा नजरकैदेत आला. वाड्यात कैद्याची बायको म्हणून इतके दिवस काढणाऱ्या, बुद्धिमान आणि राजकारण समजणाऱ्या बाईच्या मनात काहीच नव्हतं असं दाखवणं हे भरलेली जागा रिकामी करणं होईल. अलीकडे तिची बाजू घेणारे तिला इतकी सोशिक आणि भोळी करतात की ती वाड्यातलं एखादं शोभेचं झुंबर वाटावी. बदनामीत निदान तिला इच्छाशक्ती तरी होती. ‘बिचारी’ म्हणून आपण तीही काढून घेतो.

मग अफरातफर कुठे होते? दृश्यात होत नाही, दृश्य संपल्यावर होते. अक्षर बदललं की नाटकाच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला असतो. पण कागदपत्रं बोलतात ती त्यानंतरच. गारदी आत आले तेव्हा राघोबा तिथे होता. त्याने सुमेरसिंगाला विनवलं असंही काही हकीकतींत येतं. तेही धरून चालू. पण त्यानंतर? पेशवाईची वस्त्रं त्याने घेतली. मारेकऱ्यांना शासन केलं नाही. निकाल सांगणारे रामशास्त्री शहर सोडून गेले आणि हा गादीवर बसला. पुढे विरोधी कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, उठवल्यावर तो इंग्रजांकडे गेला आणि १७७५ साली सुरतेचा तह करून बसला. यात अक्षर बदललेला एकही कागद नाही. सुरतेच्या तहावर आनंदीबाईने काही खोडलं असं तिच्या कट्टर शत्रूनेही म्हटलेलं नाही.

आणि तिचं पुढचं आयुष्य? नवरा पळत असताना ती गरोदर होती. १७७५च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात तिला मुलगा झाला, तोच दुसरा बाजीराव. १७८३च्या डिसेंबरात राघोबा कोपरगावला वारला. त्यानंतर मुलांना घेऊन नाना फडणविसांच्या पहाऱ्यात दिवस काढत ती नाशिकजवळ आनंदवल्लीला आली आणि १७९४ साली वारली. खुनानंतर ती वीसहून अधिक वर्षं जगली. नाटकं तिला एका दिवसापुरतीच ओळखतात. इतकी भरलेली जागा आणि तिच्याकडे कुणी फिरकलेलं नाही.

तेव्हा आता माझं म्हणणं बदललं आहे. ते दृश्य राहू द्यावं. बाईने लेखणी उचलावी, हवं तर अक्षरही बदलावं. पण पडदा तिथे पडू नये. कागद राघोबाच्या हातात परत जावा, तो त्याने वाचावा किंवा न वाचता पुढे द्यावा, आणि पुढच्या अंकात त्याने वस्त्रं स्वीकारलेली आपण पाहावीत. तिला निर्दोष सोडा असं मी म्हणत नाही, कारण सोडायलाही पुरावा लागतो. आरोप सिद्ध झालेला नाही, एवढंच तिच्याबद्दल प्रामाणिकपणे म्हणता येतं, आणि एवढंच म्हणून थांबण्याची शिस्त आपल्याला अजून लागायची आहे. राघोबाच्या बाबतीत चौकशी झाली, निकालही लागला. रामशास्त्र्यांवर आपलं खरंच प्रेम असेल, तर त्यांनी ज्याला दोषी म्हटलं त्याला दोषी म्हणायला आपली जीभ अडखळता कामा नये.