व्रीही की यव: एका मोटारीच्या निवडीची मीमांसा

दर्शपूर्णमास या अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीत देवतेला अर्पण करायचा पुरोडाश, म्हणजे भाजलेल्या पिठाचा हविर्भाग, व्रीहींचा करावा असे एक श्रुतिवचन सांगते आणि यवांचा करावा असे दुसरे; दोन्ही वचने सारख्याच अधिकाराची असल्यामुळे आणि दोन्ही धान्यांचे प्रयोजन एकच असल्यामुळे पूर्वमीमांसकांना येथे ‘विकल्प’ मान्य करावा लागला, पण तो त्यांनी नाइलाजाने मान्य केला. विकल्पात आठ दोष असतात असे त्यांचे म्हणणे होते. व्रीही घेणाऱ्याला यववचनाचे सिद्ध असलेले प्रामाण्य सोडावे लागते आणि नसलेले अप्रामाण्य पत्करावे लागते. पुढच्या इष्टीत त्याने यव घेतले, तर सोडलेले प्रामाण्य परत उचलावे लागते आणि पत्करलेले अप्रामाण्य टाकावे लागते. हे चार दोष यववचनाच्या बाजूचे आणि तेवढेच व्रीहिवचनाच्या बाजूचे. निवडीचे स्वातंत्र्य ही बुद्धीवर आलेली एक आपत्ती आहे आणि ती टाळता येईल तितकी टाळावी, ही भूमिका आजच्या वाचकाला विचित्र वाटेल; मात्र मोटार घ्यायला निघालेल्या कोणत्याही कुटुंबाला ती पुरेपूर पटण्यासारखी आहे.

यज्ञासाठी घडवलेले विचारशास्त्र मोटारीच्या दालनात नेणे अनुचित आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला उत्तर असे की धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी हेच नियम वारसा आणि वाटणीच्या अगदी ऐहिक तंट्यांना लावले, आणि भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेच्या नियमांना स्वतंत्र स्थान दिले ते याच कारणाने. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशाचे सात खंड सिद्ध केले, तेही हे शास्त्र केवळ समिधांपुरते आहे असे मानून नव्हे.

चार मीटरच्या आतील एसयूव्ही या वाहनप्रकाराचा जन्मच मुळी एका विधीतून, म्हणजे करविषयक नियमातून, झालेला आहे. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिनाची क्षमता पेट्रोलसाठी १,२०० व डिझेलसाठी १,५०० घनसेंटिमीटरच्या मर्यादेत असावी, अशा वाहनाला भारतात लहान मोटारीचा सवलतीचा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा हा दर १८ टक्के आहे, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या मोटारीला तो ४० टक्के आहे. म्हणून या वर्गातील मोटारी लांबीने चार मीटरच्या उंबरठ्याशी येऊन थांबतात. नाशिकला तयार होणारी आणि एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ ही ३,९९० मिलिमीटर लांबीची मोटार याचे चांगले उदाहरण आहे. ती आली तेव्हा तिला तीन इंजिने होती: १११ अश्वशक्तीचे १.२ लिटर टर्बो पेट्रोल, त्याच आकाराचे पण इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारे १३० अश्वशक्तीचे पेट्रोल, आणि ११७ अश्वशक्तीचे १.५ लिटर डिझेल. सजावट व सोयींच्या पायऱ्या, ज्यांना बाजारात ‘व्हेरियंट’ म्हणतात, एमएक्स१ पासून एएक्स७ एल पर्यंत नऊ होत्या, आणि आरंभीची एक्स-शोरूम किंमत ७.४९ लाखांपासून १५.४९ लाख रुपयांपर्यंत होती. एकाच नावाच्या दोन मोटारींत दुपटीचे अंतर असावे, ही गोष्ट बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलेल्या प्रश्नाची आठवण करून देते. चाक, आस, जू यांपैकी एकही स्वतः रथ नाही, असे तेथे ठरले होते.

ग्राहकाचा गोंधळ मात्र संख्येतून उपजत नाही. इंजिन निवडणे आणि व्हेरियंट निवडणे या दोन कृती तर्कदृष्ट्या भिन्न जातीच्या आहेत आणि तो त्या एकाच कृतीसारख्या करू पाहतो, हे त्या गोंधळाचे खरे मूळ आहे. मीमांसकांनी हा भेद स्पष्ट केलेला आहे. ज्या गोष्टी एकच प्रयोजन साधतात त्यांच्यात विकल्प, म्हणजे एक घेतली की दुसरी गळते. ज्या गोष्टी निरनिराळी प्रयोजने साधतात त्यांचा ‘समुच्चय’, म्हणजे त्या एकत्र येऊ शकतात आणि बहुधा याव्यातच. इंजिने व्रीही-यवांसारखी आहेत, कारण गाडी ओढणे हे त्यांचे एकच काम आहे. सनरूफ, मागचा कॅमेरा, मोठा पडदा, चामडी आसने यांची प्रयोजने वेगवेगळी आहेत, म्हणून त्यांना समुच्चयाचा नियम लागतो.

इंजिनाच्या बाबतीत आठ दोषांचा अनुभव शब्दशः येतो. डिझेलचा ‘ॲव्हरेज’, म्हणजे लिटरमागे पडणारे किलोमीटर, आणि चाक फिरवण्याचा त्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात आणि जो या मोटारीत पेट्रोलच्या २०० किंवा २३० च्या तुलनेत ३०० न्यूटन-मीटर आहे, या गोष्टी सोमवारी प्रमाण वाटतात. मंगळवारी पेट्रोलचा शांतपणा आणि कमी किंमत पटली की कालची सर्व प्रमाणे अप्रमाण ठरवावी लागतात. बुधवारी कोणी कसारा घाटात भरलेली गाडी चढवण्याची गोष्ट काढतो आणि टाकलेले प्रामाण्य परत उचलले जाते. अशा ठिकाणी शास्त्राने शोधलेली सुटका ‘व्यवस्थित विकल्पा’ची आहे: दोन पर्याय एकाच माणसासमोर खुले न ठेवता अमुकाला हा आणि तमुकाला तो, अशी व्यवस्था लावली की दोष उरत नाहीत. ही व्यवस्था ‘अधिकारा’वर चालते, आणि अधिकार या शब्दाचा मीमांसेतील अर्थ हक्क असा नसून पात्रता असा आहे. डिझेलला अधिकारी कोण, हे सांगण्यासाठी इच्छेला विचारण्याची गरज नाही. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी आली. धूर पुरेसा तापला की तीत साठलेली काजळी जळून जाते, आणि त्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग धावावी लागते. घर ते कचेरी अशा पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत ती गाळणी तुंबते. हिशेबही तेच बोलतो. समजा डिझेलसाठी १,२०,००० रुपये अधिक मोजावे लागले आणि दर किलोमीटरला दोन रुपये वाचले, तर जास्तीचे पैसे वसूल होण्यास ६०,००० किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला ते अंतर कापायला आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. अधिकार ठरला की विकल्प संपतो, आणि विकल्प संपण्यात कोणतेही स्वातंत्र्य हरवत नाही.

व्हेरियंटच्या बाबतीत अडचण उलटी आहे, कारण समुच्चयाला स्वतःची सीमा नसते. मीमांसेत मुख्य कर्माला ‘प्रधान’ आणि त्याला साहाय्य करणाऱ्या कर्मांना ‘अंगे’ म्हणतात. प्रधानाला आपली अंगे कोणती याची ‘आकांक्षा’, म्हणजे अपेक्षा, असते, आणि अंगे जुळली की ते ‘निराकांक्ष’ होते. पुढे काही जोडायचे उरत नाही. माहितीपत्रकाची रचना या निराकांक्षतेला अवसरच देत नाही: प्रत्येक पायरीवर वरच्या पायरीची एखादी वस्तू डोकावते, आणि जी हवी ती गोष्ट नको असलेल्या दोन गोष्टींशी बांधलेली असते. वर उल्लेखिलेल्या मोटारीत १३० अश्वशक्तीचे इंजिन आरंभी केवळ वरच्या तीन व्हेरियंटांत मिळत होते, आणि सर्वांत खालच्या व्हेरियंटला डिझेल नव्हते. अर्थात विकल्पाचा विषय समुच्चयाला जखडून टाकलेला होता. ज्याला केवळ जोर हवा त्याने शोभाही घ्यावी, हा संबंध कोणत्याही प्रयोजनातून निघत नाही. तो विक्रेत्याच्या सोयीचा आहे, आणि ग्राहकाने तो वस्तुस्वभाव समजू नये.

येथे नित्य आणि काम्य हा आणखी एक भेद उपयोगी पडतो. नित्य कर्म कोणत्याही फळाची इच्छा नसतानाही करावयाचे असते, काम्य कर्म विशिष्ट इच्छा असणाऱ्यासाठी असते. चाके जखडू न देणारी एबीएस ब्रेकप्रणाली एकेकाळी वरच्या मॉडेलची शोभा होती, म्हणजे काम्य होती. एप्रिल २०१९ मध्ये ती सर्व मोटारींना सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत पुढच्या दोन्ही आसनांसमोर एअरबॅग आली. जीवरक्षणाच्या वस्तू अशा काम्यातून नित्यात सरकत जाणे हा गेल्या काही वर्षांतील कायद्याचा खरा नैतिक आशय आहे. एक्सयूव्ही ३एक्सओ सहा एअरबॅग खालच्या व्हेरियंटपासूनच देते, तर स्वतः ब्रेक लावू शकणारी चालक-साहाय्य प्रणाली वरच्या काही व्हेरियंटांपुरती ठेवते. या दुसऱ्या वस्तूची जागा नित्यात आहे की काम्यात, हा वाद अजून मिटायचा आहे. मीमांसक पुढे म्हणतात की नित्य कर्म यथाशक्ती, म्हणजे काही अंगे राहून गेली तरी, पूर्ण होते, परंतु काम्य कर्माला सर्व अंगांची गरज असते, एकही उणे चालत नाही. प्रवासासाठी मोटार घेणाऱ्याचे मधल्या व्हेरियंटवर सहज भागते आणि मिरवण्यासाठी घेणाऱ्याचे कधीच भागत नाही, यामागील तर्क बहुधा हाच आहे.

समुच्चयाला सीमा घालण्याचा सर्वांत काटेकोर विचार जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थांच्या आचारशास्त्रात, सापडतो. कोल्हापूर-सांगलीच्या मराठी जैन घरांना त्याची परिभाषा परकी नाही. मुनीला सर्वसंगत्याग सांगितला आहे, गृहस्थाला मात्र ‘परिग्रह-परिमाण’ हे व्रत, म्हणजे संग्रह किती असावा याचे माप आधी ठरवण्याचे बंधन, दिले आहे. दिगंबर परंपरेच्या दहा बाह्य परिग्रहांत शेत, घर, धनधान्य यांच्या बरोबरीने यान, म्हणजे वाहन, स्वतंत्रपणे मोजले आहे, आणि उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण वस्तूवर न ठेवता मूर्च्छेवर, म्हणजे वस्तूविषयीच्या भान हरपवणाऱ्या आसक्तीवर, ठेवले आहे. समंतभद्रांनी या व्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे उल्लंघने, सांगितले त्यांत ‘अतिवाहन’, म्हणजे वाहनाचा प्रमाणाबाहेर वापर, आणि ‘विस्मय’, म्हणजे दुसऱ्याचे वैभव पाहून चकित होणे, या दोहोंचा समावेश आहे. विक्रीच्या दालनात मध्यभागी नेहमी सर्वांत वरचे व्हेरियंट झगमगत उभे असते आणि खालचे कोठे दिसत नाही, हे पाहिलेल्याला दुसऱ्या अतिचाराचे निराळे स्पष्टीकरण देण्याचे कारण नाही. याच परंपरेत एकदाच वापरून संपणाऱ्या वस्तूला ‘भोग’ आणि पुनःपुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूला ‘उपभोग’ म्हटले आहे. या हिशेबाने इंजिनाची निवड ही मुख्यतः इंधनाची, म्हणून भोगाच्या मापाची आहे, आणि व्हेरियंटची निवड उपभोगाच्या. शिवाय ‘दिग्व्रता’त गृहस्थ कोणत्या दिशेला किती दूर जाईल याची सीमा नदी, पर्वत अशा खुणांनी आखून घेतो. महिन्याचे किलोमीटर आधी मोजून मग इंधन ठरवणारा माणूस, व्रताचा हेतू अगदी निराळा असूनही, त्याच क्रमाने जात असतो. या व्रतांचे मर्म मापाच्या लहानमोठेपणात तितके नाही जितके त्याच्या वेळेत आहे: माप दालनात शिरण्यापूर्वी ठरलेले असावे लागते, कारण आत गेल्यावर ठरलेले माप म्हणजे माहितीपत्रकाचीच एक ओळ होय.

नैयायिकांनी प्रवृत्तीची, म्हणजे मनुष्य कृतीकडे का वळतो याची, मीमांसा केली ती येथे थोडक्यात पुरेशी आहे. ही गोष्ट इष्टाचे साधन आहे, ती प्रयत्नाने साध्य आहे, आणि तिच्यामागे इष्टाहून बलवान अनिष्ट येणार नाही, अशी तीन ज्ञाने झाल्यावर प्रवृत्ती होते. मध आणि विष कालवलेले अन्न पहिल्या दोन अटी पुऱ्या करते आणि तिसरीवर अडते. कर्जाच्या हप्त्याची सारी कला या तिसऱ्या ज्ञानाला झाकण्यात आहे. दोन व्हेरियंटांतील दीड लाखाचा फरक नऊ टक्के व्याजाने सात वर्षांवर पसरला की महिन्याला केवळ २,४१३ रुपयांचा दिसतो, आणि चुकता होईपर्यंत दोन लाखांच्या वर जातो. विषाचे प्रमाण फार नाही, हे खरे. पण ते मधातच मोजलेले असते.

कठोपनिषदात यमाने नचिकेत्याला आत्मविद्येच्या प्रश्नापासून वळवण्यासाठी जी प्रलोभने मांडली त्यांत रथ आणि वाद्ये यांसहित, माणसांना अलभ्य अशा सुंदरी होत्या. नचिकेत्याने वाहने आणि नृत्यगीत यमाकडेच राहू द्यावीत असे सांगून ती नाकारली. त्यानंतर त्याच यमाने शरीराला रथ, आत्म्याला रथी, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हणून जी शिकवण दिली, तीत रथाच्या सजावटीविषयी एकही शब्द नाही. घोडे कसे आहेत, लगाम कोणाच्या हाती आहे आणि रथ कोठे पोहोचायचा आहे, एवढेच तेथे विचारलेले आहे.