कडेकडेने

बसा. घाई असेल तर हे आज राहू द्या.

पालीच्या किनाऱ्यावर सकाळचं ऊन पाठीमागून येतंय. समोर अरबी समुद्र, बाजूला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले, आणि मधोमध वाळूवर ओढून ठेवलेली एक होडी. गेल्या आठवड्यात इथूनच घेतलेली 4 बाय 5 इंची निगेटिव्ह तुमच्या हातात आहे असं समजा. ती दोन बोटांनी कडेला धरून आकाशासमोर करा. होडीकडे आत्ता पाहू नका. होडी चांगलीच आलीय, तिला काय धाड भरलीय. नजर कडेकडेने फिरू द्या, शेताच्या बांधावरून चालावं तशी.

सगळ्यात बाहेर काचेसारखी स्वच्छ, अरुंद पट्टी आहे. ती असायचीच. फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या पन्हळीत ती सरकवली, तिथे उजेड पोचला नाही, एवढाच तिचा अर्थ. तिच्यापायी चित्राच्या वाट्याला साधारण 120 बाय 95 मिलिमीटर उरतात. आपला प्रश्न तिच्या आतल्या कडेचा आहे, जी आपण मागितली नव्हती.

ती कापून टाकायचा मोह होईल. एन्लार्जरखाली दोन मिलिमीटर आत सरकलं की संपलं. थांबा. आधी तिला एकच गोष्ट विचारा: तू पारदर्शक आहेस की काळी? निगेटिव्हवर पारदर्शक म्हणजे उजेडाला कुणीतरी अडवलं. काळी म्हणजे न बोलावलेला उजेड आत शिरला. हे दोन अगदी वेगळे गुन्हे आहेत, आणि बहुतेक जण हे न विचारताच लेन्सला दोष देऊन मोकळे होतात. मीही दिलाय.

पारदर्शक असेल, तर आता हात पुढे करा. तळवा वाळूच्या अगदी जवळ न्या. बोटांची सावली रेखीव पडेल. हात सावकाश वर उचला. बोटं एकमेकांत मिसळतील, कडा पुसट होत जातील. पुन्हा खाली आणा. दोन-चारदा करा, कुणी हसलं तर हसू द्या. कॅमेऱ्याच्या पोटातही हेच घडतं. अडथळा फिल्मला लागून असेल तर कड सुरीने कापल्यासारखी येते, दूर असेल तर धुक्यासारखी.

सरळ, रेखीव पट्टी एकाच बाजूला आहे? होल्डरमधली फिल्म झाकणारी डार्क स्लाईड ज्या तोंडातून ओढता, तीच बाजू आहे का ते पाहा. बहुधा स्लाईड पुरती बाहेर आलीच नव्हती. पुसट असेल तर संशय लेन्स आणि फिल्म यांच्या मधल्या घडीच्या भात्यावर घ्या. इथे जरा सावकाश. फिल्मवर सगळं उलटं उमटतं, जमीन वर आणि आकाश खाली. म्हणून भात्याचं छत लोंबलं, तर सावली चित्रात पायथ्याला पडते, वाळूवर. रुंद कोनाच्या लेन्सपुढे कॅमेऱ्याची खालची पाटी आली, तरी तीही पायथ्यालाच दिसते. दोन्ही खुणा एका जागी, कारणं मात्र एक वरचं, एक खालचं. मला हे कळायला बरेच दिवस आणि बरीच फिल्म लागली.

आणि कोपरे गोलाईने गेले असतील तर? लेन्स चौकोन टाकत नाही, उजेडाचं वर्तुळ टाकते. आपल्या चौकटीचा कर्ण सुमारे 153 मिलिमीटर, वर्तुळ निदान तेवढं तरी हवं. होडीची डोलकाठी पुरी यावी म्हणून तुम्ही लेन्स वर उचललीत, वर्तुळही वर सरकलं आणि आकाशाचे दोन कोपरे बाहेर राहिले.

आता कॅमेऱ्यामागे या, पण डोक्यावर घ्यायच्या काळ्या कपड्याबाहेरच राहा. मागच्या घासलेल्या काचेचे चारही कोपरे बहुधा कापलेले असतात, पाहिलेत? त्या फटीला डोळा लावा आणि तिथून उलट, लेन्सच्या भोकाकडे पाहा. भोक ज्या आकड्यावर ठेवून फोटो घेणार, त्याच आकड्यावर. ते पुरतं गोल दिसतंय? मग या कोपऱ्याला उजेड मिळणार. मांजराच्या डोळ्यासारखं चिंचोळं दिसतंय? मग मध्ये कुणीतरी उभं आहे. चारही कोपऱ्यांतून असं पाहा. एरवी आपण कॅमेऱ्यातून होडीकडे पाहतो. इथे फिल्मच्या जागी उभं राहून, तिला काय दिसणार ते पाहायचं. या सगळ्या उद्योगातला हा माझा सर्वांत आवडता क्षण.

काळ्या कडेची गोष्ट निराळी. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, कॅमेराही पेटीत. त्या दमट हवेत भात्याच्या घड्यांना बुरशी येते, कोपऱ्यांत सुईएवढी भोकं पडतात. एका पावसाळ्यानंतर माझ्या निगेटिव्हवर एका बाजूने काळा पंखा पसरू लागला. रात्री खोली अंधारी करून भात्यात टॉर्च लावली, बाहेरून इंच इंच तपासलं. एकही भोक नाही. पंखा मात्र सहा फोटोंपैकी एकावरच यायचा. भाता तर सहांनाही तोच होता!

उत्तर जुन्या लोकांच्या एका सवयीत सापडलं. प्रत्येक होल्डरच्या आतल्या काठावर कानशीने बारीक खाच करायची: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. ती खाच प्रत्येक निगेटिव्हच्या कडेवर उमटते. पंखा कायम तीन खाचांच्या शेजारी निघाला. त्या जुन्या होल्डरच्या तोंडातलं मखमली अस्तर झिजलं होतं, आणि पालीची सकाळ तर पाठीमागून, थेट त्या फटीवर पडते. आता स्लाईड ओढताना मी काळा कपडा होल्डरवर धरतो.

कधी दोष कॅमेऱ्यात नसतोच, तो पाण्यात असतो. डेव्हलपर फार जोरात हलवला की कडेला द्रावण जास्त खळबळतं आणि कडा गडद होतात. आठवून पाहा, त्या दिवशी ट्रे हलवताना मन कुठे होतं.

कडेवरच्या खुणा काही आजच्या नाहीत. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळी पसरू लागलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच एका कोपऱ्याला धरून तिच्यावर कलोडियन ओतत. जिथे धरली, तो कोपरा कोराच राहायचा. उलट छायाचित्रकार रिचर्ड अॅव्हेडनने 1985 च्या ‘इन द अमेरिकन वेस्ट’ या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात 8 बाय 10 इंची फिल्मच्या पारदर्शक कडा मुद्दाम छापल्या, कागदावर त्या काळ्या येतात. मला स्वतःला तो हट्ट थोडा मिरवल्यासारखा वाटतो, पण चेहऱ्यांपुढे तो विसरायला होतो.

आता निगेटिव्ह पाकिटात ठेवा. वलांडीपाशी एका बाईने बोंबलांची एक रांग उलटून टाकली, दुसरी घेतलीय. होल्डर सरकवा, कपडा धरा, स्लाईड पुरती बाहेर ओढा. वारा पडेपर्यंत थांबा.