पाऊल आधी की भाव आधी?

चैत्रातल्या कामदा एकादशीला नाशिकच्या पंचवटीतून काळारामाचा रथ निघतो. दोर असतो तालमीतल्या, व्यायामशाळांतल्या तरुणांच्या हाती. सोबतचा गरुडरथ गोदावरी ओलांडून जुन्या गावात जाऊन येतो. रामरथ मात्र नदी ओलांडत नाही. या सगळ्यात बघावं ते मानकरी बुवांकडे. देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून ते रथाकडे तोंड करून मिरवणूकभर उलटं चालतात. मागचा रस्ता दिसत नाही आणि पुढून अजस्र रथ अंगावर येत असतो.

बुवांच्या मनात भक्ती आहे म्हणून ही पावलं पडतात, की पावलं पडत जातात तशी भक्ती दाटत जाते? प्रवचनातलं उत्तर ठरलेलं असतं: भाव आधी, बाकी सारा देखावा. मेंदूचा अभ्यास करणारे इतक्या चटकन उत्तर देत नाहीत.

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली हा क्रमच उलटा केला. भीती वाटते म्हणून आपण पळत नाही. पळतो, छाती धडधडते आणि त्या धडधडीची जाणीव म्हणजेच भीती, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लांगे यांनीही जवळपास हेच मांडलं. १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी नेमकं बोट ठेवलं: छाती रागातही धडधडते, भीतीतही आणि तापातही. मग यातली कोणती भावना, हे नुसतं शरीर कसं सांगणार?

वाद अजून मिटलेला नाही. १९८८ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक यांनी लोकांना दातांत पेन धरायला लावून व्यंगचित्रं दाखवली. हसऱ्या ठेवणीत गेलेल्या चेहऱ्यांना ती जास्त गमतीदार वाटली. २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, तर परिणाम सापडला नाही. २०२२ साली १९ देशांतल्या सुमारे ३,९०० जणांवरच्या अभ्यासात दिसलं, की हसऱ्या चेहऱ्याची मुद्दाम नक्कल केली तर आनंद किंचित वाढतो. पेनाबद्दल मात्र खात्री देता येत नाही. ‘किंचित’ हा शब्द ‘शास्त्रानंही सिद्ध केलंय’ म्हणणाऱ्या प्रवचनकारांनी लक्षात ठेवावा.

तरी हालचाल आणि भावना यांचं बिऱ्हाड मेंदूत फार लांब नाही. मेंदूत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाचा दोन्हींशी संबंध आहे. पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी होतं तेव्हा पाऊल अडखळतं, चेहरा निर्विकार होतो आणि अनेकांना नैराश्यही येतं. अशा माणसाला ठेका ऐकवला, तर अडलेलं पाऊल कित्येकदा सुटतं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यामागे हाच आधार आहे.

गर्दीत तर गोष्ट आणखी पुढे जाते. ब्रॉनविन टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या २६४ विद्यार्थ्यांना गटागटानं नाचायला लावलं आणि आधी-नंतर रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळून ते किती कळ सोसतात हे मोजलं. एका तालात नाचलेल्यांची सोसण्याची ताकद वाढली, शेजारचा जवळचा वाटू लागला. बसल्या जागी हलक्या हालचाली केल्या तरी ताल जुळल्याचा फायदा झालाच. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी येणाऱ्या दिंड्या आणि मंडपात बसून टाळ्या वाजवणारी आजी, दोघांचीही त्यात सोय आहे.

स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावी निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. संशोधकांनी तिथं हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा चालणाऱ्याशी नुसत्या बघणाऱ्या नातेवाइकांच्या ठोक्यांची लय जुळली. पाहुण्या प्रेक्षकांची जुळली नाही. आपलं कोण आणि परकं कोण, हे तिथं विधीच्या आधीच ठरलेलं होतं.

म्हणून पुन्हा काळारामाकडे यावं लागतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलच्या रथोत्सवासाठी तडजोड झाली, की स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढायचा. प्रत्यक्षात अस्पृश्य कार्यकर्त्यांचे हात दोराला लागू न देताच रथ पळवण्यात आला. दगडफेक झाली, माणसं रक्तबंबाळ झाली.

रथ पळवणाऱ्यांचीही पावलं एका तालात पडली असतील, त्यांनाही ऊर भरून आल्यासारखं वाटलं असेल. जेम्सचा सिद्धांत त्यांनाही लागू पडतो आणि टारचे निष्कर्षही. शरीर भावना पेटवू शकतं, ती योग्य की अयोग्य हे सांगू शकत नाही. भाव किती उत्कट होता, यावरून भक्तीची प्रत ठरवणाऱ्यांनी त्या दिवशीचा रथ आठवावा. दोराला कोणाचा हात लागू द्यायचा, हा निर्णय मेंदूच्या कुठल्या भागावर ढकलता येत नाही.

सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.